मस्टरवर नाव नाही, तरी ट्रेनिंग

एप्रिलमध्ये आमच्याकडे एसी बसवायला एक पोरगा आला होता. इनडोअर भिंतीवर टांगलं, आउटडोअर गॅलरीतल्या लोखंडी स्टँडवर चढवलं, तांब्याच्या नळ्यांचे नट आवळले. आता गॅस सोडणार आणि गारवा सुरू होणार, असं आम्हाला वाटत होतं. तेवढ्यात त्याने पिशवीतून एक पंप काढला, नळीला जोडला आणि निवांत खाली बसला. "वीस मिनिटं लागतील, काका."

कशाला, म्हणून विचारलं. म्हणाला, "नळीतली हवा ओढून काढायची. आधी आम्ही थोडा गॅस सोडूनच हवा ढकलायचो, दोन मिनिटांचं काम. पण ओल आत राहिली की कॉम्प्रेसर जातो. आणि हा नवा गॅस पेट घेऊ शकतो, मोकळा सोडायचा नाही."

"कुणी शिकवलं?"

"कंपनीने. दोन दिवसांचा क्लास होता."

गंमत अशी की हा पोरगा कंपनीचा नोकर नाही. दुकानदाराचाही नाही. फोनवर काम येतं, एका एसीमागे ठरलेले पैसे मिळतात, संपलं. कंपनीच्या मस्टरवर त्याचं नाव नाही, पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही. तरी कंपनीने हॉल घेऊन, मास्तर आणून, दुपारचं जेवण घालून त्याला शिकवलं. मी स्वतः वीसेक वर्षं पुण्याकडच्या एका कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात काढली. आमच्या वेळी मी असा प्रस्ताव वर नेला असता, तर साहेबांनी मलाच ट्रेनिंगला पाठवलं असतं.

आधी ट्रेनिंग म्हणजे काय होतं

जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर निघायचं. कोणत्या खात्यातली किती माणसं किती दिवस बसवायची, याचा आकडा ठरायचा. मग प्रोजेक्टर, चहा, सामोसे आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म, ज्यात सगळे जण डोळे मिटून 'उत्तम' वर खूण करत. त्यामागचा हिशेब सरळ होता. ज्याला आपण पगार देतो तो आपल्याकडे टिकणार, म्हणून त्याच्यावर खर्च करायचा. गेटच्या आतला तो आपला, बाहेरचा तो त्याचं तो बघेल.

कायद्याने एक फट तेवढी ठेवली होती. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे आयटीआयची पोरं कारखान्यात येऊन शिकतात. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला असे उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. पण हाच कायदा असंही सांगतो की हा उमेदवार शिकणारा आहे, कामगार नव्हे. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

भिंत तिथेच राहिली, काम बाहेर गेलं

दरम्यान कामाची जागाच बदलली. संघटित कारखानदारीत आज सुमारे 40 टक्के कामगार ठेकेदारामार्फत येतात. गाड्या चालवणारे, डबे पोचवणारे, घरी येऊन नळ दुरुस्त करणारे तर ठेकेदाराचेही नसतात, ॲपवर असतात. नीती आयोगाने 2022 च्या अहवालात अशा लोकांची संख्या 2020-21 मध्ये 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या माणसाला 'गिग कामगार' हे नाव मिळालं. व्याख्येचा गाभा एवढाच, की मालक आणि नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर राहून जो काम करतो आणि कमावतो तो.

त्या एसीवाल्या पोराच्या क्लासचं कारण याच व्याख्येत आहे. नातं बाहेरचं असलं तरी नाव कंपनीचंच जातं.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. आचारी केटररचा हक्काचा माणूस, पण वाढपी त्या दिवसापुरते गोळा केलेले. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरणभातावर तूप आठवणीने. नवख्या पोराने चटणी उजवीकडे वाढली, तूप विसरला, आमटी कुणाच्या शालूवर सांडली, की पाहुणे त्याचं नाव विचारत नाहीत. "अमक्यांच्या लग्नात सोय नव्हती" असंच म्हणतात. म्हणून हुशार केटरर पंगत बसायच्या आधी अर्धा तास सगळ्यांना, रोजंदारीवाल्यांनासुद्धा, एक पान वाढून दाखवतो. कंपन्या आज तेच करत आहेत, फक्त त्याला 'एक्स्टेंडेड एंटरप्राइझ लर्निंग' असं घशात अडकणारं नाव दिलंय. आपण त्याला बाहेरच्यांचं प्रशिक्षण म्हणू. बाहेरचे म्हणजे ठेक्याचे कामगार, माल पुरवणारे, डीलर, फिटर, मिस्त्री, आणि पुढे बघाल तर गिऱ्हाईकसुद्धा.

हे काही नवं नाही

विमा एजंटाला विचारा. एलआयसीचे 13 लाखांहून जास्त एजंट आहेत आणि ते पगारी नोकर नाहीत, कमिशनवर काम करतात. तरी परीक्षा दिल्याशिवाय कुणाला पॉलिसी विकता येत नाही. म्युच्युअल फंड विकणाऱ्याचंही तेच. 'एनआयएसएम' या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची 100 गुणांची परीक्षा, पास व्हायला 50, आणि सर्टिफिकेट तीन वर्षांपुरतं. आपल्या ओळखीतला जो निवृत्त बँकवाला घरबसल्या एसआयपी सुचवतो, तो ही परीक्षा देऊन बसलेला असतो. इथे शिकवण्यामागे नियामकाचा दट्ट्या आहे. खाण्याच्या धंद्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असाच पायंडा पाडला, दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. वडापावच्या गाड्यांसाठीही त्यांचे वर्ग असतात. हातमोजे किती जण घालतात ते आपण रोज बघतोच, पण तो विषय वेगळा.

नवं आहे ते हे, की कुणी सक्ती न करता कंपन्या स्वतःहून हा खर्च करू लागल्या. त्याचं जुनं आणि सगळ्यांत चांगलं उदाहरण मोटारींच्या धंद्यातलं आहे.

"शिकवलं आणि त्याचा फायदा दुसऱ्याने घेतला तर?"

ही शंका मला स्वतःला कित्येक वर्षं पटत होती. चाकणला एखादा लहान कारखाना तीन मोटार कंपन्यांना माल देतो. त्यातल्या एकीने आपला इंजिनिअर पाठवून त्याला कामाची मांडणी सुधारून दिली, तर बाकीच्या दोघींना फुकट फायदा!

टोयोटाने ही शंका समजून घेऊनही शिकवलं. जपानात तिचा पुरवठादारांचा संघ कितीतरी जुना. अमेरिकेत कारखाने सुरू केल्यावर 1992 मध्ये तिने पुरवठादारांना आपली पद्धत शिकवणारं वेगळं केंद्रच काढलं. तिथली माणसं पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन उभी राहत आणि माल कुठे साचतो, हात कुठे रिकामे राहतात, तपासणी शेवटी का होते, आधी का नाही, हे त्याच्याच कामगारांबरोबर शोधत. हेच पुरवठादार फोर्डला, जनरल मोटर्सलाही माल देत होते. पुढे संशोधकांनी अशा पुरवठादारांच्या कारखान्यांत पाहणी केली, तेव्हा एक मजेशीर गोष्ट हाती लागली. एकाच छपराखाली, पण टोयोटासाठी चालणाऱ्या कामात दोष कमी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात जास्त. कारण नुसतं ज्ञान पुरत नाही. माल किती वेळाने उचलायचा, पेटी केवढी असावी, चूक झाली की कुणाला फोन करायचा, हे गिऱ्हाइकाच्या वागण्यावर ठरतं. टोयोटा थोडा थोडा माल वारंवार उचलत होती. दुसरा महिन्याचा ढीग एकदम मागत असेल, तर पुरवठादार शिकलेलं वापरणार कुठे?

म्हणजे शिकवलेलं थोडं गळतं, पण सगळं गळत नाही. ज्याच्याकडे तसं वागायची तयारी आहे त्याच्याच पदरात ते पडतं.

गिऱ्हाइकाला शिकवायचं? ते तर पैसे देतं!

ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ठिबक सिंचनाचा संच विकला, नळ्या अंथरल्या, अनुदानाचे कागद झाले, म्हणून ठिबक चालतं असं नाही. विहिरीच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ असतं, बोअरच्या पाण्यात क्षार. फिल्टर उलट्या धारेने धुतला नाही, लॅटरलची, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून पाणी सोडलं नाही, क्षार बसल्यावर बेताने आम्ल सोडलं नाही, की तोट्या बुजतात. मग ओळीतलं पहिलं झाड हिरवं आणि शेवटचं पिवळं. शेतकरी काय म्हणणार? "कंपनीचा माल खराब." आणि पारावर एकदा हे वाक्य निघालं की त्या गावात दुसरा संच विकणं मुश्कील.

म्हणूनच जळगावच्या जैन इरिगेशनने शेतकऱ्यांना शिकवण्याची मोठी व्यवस्था उभी केली. जैन हिल्सवर एसटीने, जीपने येणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहली खानदेशात कुणाला नवीन नाहीत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही 1975 पासून ऊसधंद्याचं संशोधन आणि शिक्षण चालतं, आणि कारखाने आपल्या सभासद शेतकऱ्यांना तिथल्या वर्गांना पाठवतात. सभासद हा कारखान्याचा नोकर नव्हे, उलट कागदोपत्री मालक. पण उसाचा उतारा, म्हणजे त्यातून निघणारी साखर, शेतातच ठरतो, गाळपात नाही. त्यामुळे मालकाला शिकवणं कारखान्याच्याच फायद्याचं.

कॉम्प्युटरच्या धंद्यात याच्या पुढचा डाव खेळला गेला. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने 1997 मध्ये 'नेटवर्किंग अकॅडमी' सुरू केली आणि कॉलेजातल्या पोरांना कॉम्प्युटरचं जाळं कसं उभारायचं ते शिकवायला सुरुवात केली. पोरं नोकरीला लागली ती दुसऱ्याच कंपन्यांत, पण खरेदीची वेळ आली की हाताला सवय कुठल्या खोक्याची? शिकवणं हीच जाहिरात झाली. मला यात वाईट दिसत नाही, मात्र 'मोफत शिक्षण' म्हटल्यावर भारावून जाण्याआधी एवढं माहीत असावं.

कुंपणापलीकडचे शेजारी

एक मंडळी अशी आहेत जी ना माल घेतात ना काम करतात, आणि तरी त्यांना शिकवणं कायद्याने बंधनकारक झालं. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाने कायद्यात 1987 मध्ये दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याने आत काय धोका आहे आणि काय काळजी घ्यायची, हे कामगारांबरोबरच आसपासच्या जनतेलाही सांगितलं पाहिजे, असं त्यात आलं. भोपाळमध्ये लोक घाबरून बाहेर धावले, आणि वायू बाहेरच होता. ओलं फडकं तोंडावर धरा, एवढी माहिती वस्तीत आधी पोचली असती तरी काही जीव वाचले असते, हे त्या रात्रीबद्दल पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आहे.

डोंबिवली एमआयडीसीत 2016 च्या आणि 2024 च्या मे महिन्यांत मोठे स्फोट झाले, पलीकडच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तुम्ही तिथे राहत असाल तर शेजारच्या कारखान्यात कोणतं रसायन आहे आणि भोंगा वाजला तर दार उघडायचं की लावून घ्यायचं, हे कुणी येऊन सांगितलंय का, ते आठवून बघा.

"ट्रेनिंग दिलं म्हणजे तो कामगारच झाला की!"

हा आक्षेप कंपन्यांचे वकील घेतात आणि तो पोकळ नाही. माणूस स्वतंत्र धंदेवाला की नोकर, हे ठरवताना न्यायालयं कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा कामावर ताबा कुणाचा हे बघतात. आपल्याकडचा जुना निकाल सौराष्ट्रातल्या मिठागरांचा. तिथले आगरिया हंगामापुरते येत, घरच्यांना घेऊन राबत, पिकवलेल्या मिठाच्या वजनावर पैसे घेत. कंपनी म्हणे, हे ठेकेदार आहेत. 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पाणी घेण्यापासून मीठ तयार होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर देखरेख तुमची, तेव्हा हे कामगारच. अमेरिकेत करखातं माणूस नोकर आहे का हे तपासताना जे मुद्दे बघतं, त्यांत 'कामाची पद्धत कंपनीने शिकवली का' हा एक मुद्दाच आहे. ब्रिटनमध्ये 2021 साली उबरच्या चालकांना 'वर्कर' ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असाच ताबा तपासला.

त्यामुळे पळवाट म्हणून काही कंपन्या क्लासला क्लासच म्हणत नाहीत. 'मेळावा', 'मीट', 'जानकारी सत्र', काहीही नाव. शिकवणारा तोच, हजेरी तीच. माझं मत विचाराल तर ही लपवाछपवी बंद व्हावी. पंप लावायला शिकवल्याने कुणी मालक होत नाही. पण पंप लावला नाही म्हणून तुम्ही त्याचं काम बंद करणार असाल, त्याचा दरही तुम्हीच ठरवणार असाल, तर मग ट्रेनिंगचा प्रश्न बाजूलाच राहतो, नातं आधीच दिसतंय.

उलट बाजूचा गोंधळ महाराष्ट्राने नुकताच पाहिला. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पोरांना कार्यालयांत आणि कंपन्यांत सहा महिने शिकायला पाठवलं. बारावीला महिना 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10,000 विद्यावेतन. मुदत नंतर 11 महिने झाली. ती संपल्यावर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, म्हणाले, आम्ही शाळेत शिकवलं, ग्रामपंचायतीत फाइली हलवल्या, आता कायम करा. सरकारच्या लेखी ते शिकणारे होते, त्यांच्या लेखी कर्मचारी. 1961 च्या कायद्यातलं ते वाक्य सांगून हा वाद मिटत नाही. खुर्चीवर बसून खात्याचं रोजचं काम उरकणाऱ्याला 'तू शिकतोयस' म्हणणं त्याला पटणार कसं?

सही आहे, शिकला का?

इथे माझीच एक गोष्ट. आमच्या कारखान्यात ठेक्याच्या कामगारांना पहिल्या दिवशी सेफ्टीचं ट्रेनिंग असायचं. गेटशेजारच्या खोलीत इंग्रजी आवाजातला वीस मिनिटांचा व्हिडिओ, मग रजिस्टरवर सही. समोर बसलेली माणसं नांदेडची, बिहारची, ओडिशाची. सह्या मीच घ्यायचो, आणि बाहेर ठेकेदाराचा मुकादम "साहेब, शिफ्ट सुरू झाली" म्हणून घाई करत उभा. एकदा एका पोराने मशीन बंद न करता जाळी काढली आणि दोन बोटं गमावली. चौकशीत पहिल्यांदा काय मागितलं? रजिस्टर. सही होती. कंपनी सुटली, ठेकेदार सुटला, मीही सुटलो.

पुढच्या महिन्यापासून मी व्हिडिओ बंद केला आणि प्रत्येकाला मशीनपाशी नेऊन लाल बटण स्वतःच्या हाताने दाबायला लावलं. चाळीस मिनिटं लागत, मुकादम चिडे. हा सगळा विषय वाढत असताना माझी धास्ती हीच आहे की बाहेरच्यांचं प्रशिक्षण म्हणजे बाहेरच्यांच्या सह्या एवढंच होऊन बसेल. आता तर रजिस्टरही लागत नाही. मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ, 'पुढे'वर बोट, झालं ट्रेनिंग.

बुडालेला रोज कोण भरून देणार?

नोकर क्लासमध्ये बसला तरी त्याचा पगार चालू असतो. पेंटर, प्लंबर, फिटर दोन दिवस बसला तर त्याचे दोन रोज बुडतात. कंपनी म्हणते, आम्ही फी घेत नाही. बरोबर, पण हंगामात दिवसाला तीन-चार एसी बसवणाऱ्याने आपला धंदा सोडून यायचं, ही फी नाही तर काय? काही ठिकाणी टूलकिट, टी-शर्ट, जेवण देतात. मला वाटतं, ज्या शिकवण्यातून कंपनीच्या तक्रारी कमी होतात, त्या दिवसाची मजुरी कंपनीनेच द्यावी. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सुरक्षा निधीत टाकायची तरतूद आहे. ती विमा, आरोग्य, म्हातारपण अशा गोष्टींसाठी आहे, आणि आहे तेही योग्यच. बुडालेल्या रोजाचा विचार मात्र कुठेच नाही.

सर्टिफिकेट कुणाचं?

कागदावर एक चांगली सोय झाली आहे. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत काम करून शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देतात. म्हणजे उस्तादाच्या हाताखाली पंधरा वर्षं घासलेल्या मिस्त्रीला पुन्हा पहिलीपासून बसावं लागत नाही. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर शाळा, कॉलेज आणि कामावरचं शिक्षण एकाच मापाने मोजायचं ठरलं, 30 तासांच्या शिक्षणाला 1 क्रेडिट, म्हणजे खात्यात जमा होणारा एक गुणांक. त्या हिशेबाने आमच्या एसीवाल्याचा दोन दिवसांचा, सोळा तासांचा क्लास अर्ध्या क्रेडिटच्या आसपास जातो. असे क्लास साठत गेले तर पदविकेच्या दिशेने काहीतरी जमा होईल. पण त्यासाठी क्लास मान्यताप्राप्त अभ्यासक्रमावर हवा आणि त्यानंतर परीक्षा हवी. कंपन्यांचे बहुतेक क्लास तसे नसतात.

पंपाची वीस मिनिटं संपली, गेजचा काटा स्थिर राहिला, गॅस सोडला. खोली गार होईपर्यंत मी त्याला म्हटलं, तुझं सर्टिफिकेट दाखव बघू. त्याने फोन काढला. कंपनीच्या ॲपमध्ये त्याच्या नावापुढे एक हिरवा बिल्ला होता, बाकी काही नाही.

"कागद नाही दिला?"

"नाही. हे त्यांच्याच कामाला चालतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा क्लास आहे, दोन दिवस."

"तिथे काय शिकवणार?"

"हेच," पंप पिशवीत भरत तो म्हणाला. "पंप लावायचा. पण न जाऊन चालत नाही काका, नाहीतर त्यांचे कॉल येत नाहीत."